सोळाशे पेट्रोल, चौदाशे डिझेल

सांगोल्यात कुणी गाडी विकायला काढली की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "डिझेल हाय न्हवं?" मॉडेल कुठलं, मालक कितवा, टायर किती घासलेत, हे सगळं त्याच्या नंतर. मिरज रोडला माझं गॅरेज आहे. डिझेल गाड्यांचं काम मोठं, बिलही मोठं, त्यामुळं माझं घर बऱ्याच अंशी डिझेलवरच चालतं. तरी माझी स्वतःची गाडी पेट्रोल आहे. फोर्ड फिएस्टा १.६ एस, २००८ सालची. अलॉय चाकं, मागं स्पॉयलर, आणि बॉनेटखाली १५९६ सीसीचं ड्युराटेक इंजिन. "मिस्त्री असून पेट्रोल बाळगताय?" असं लोक आजही विचारतात. चहाच्या एका कपात ह्याचं उत्तर बसत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

डिझेलच्या ह्या ओढीमागं आमच्या तालुक्याचा इतिहास आहे. भाग दुष्काळी, माण नदी वर्षातले बहुतेक महिने कोरडी. तरी ठिबकच्या थेंबाथेंबावर इथं डाळिंब उभं राहिलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा भगवा वाण आला आणि माळरानाला भाव आला. ज्या तालुक्यानं गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेवर पाठवलं, ज्या आमदाराचा एसटीतला प्रवास उभ्या महाराष्ट्राला माहीत होता, त्याच तालुक्यात वस्त्यावस्त्यांवर चारचाकी उभी राहायला लागली. मला दोन्ही गोष्टींचा अभिमान वाटतो. बोलेरो, स्कॉर्पिओचा भरणा जास्त, पण ज्या घरातलं पोरगं पुण्याला शिकायला होतं त्या घरात सेडान यायची. आणि डिझेल मिळत असेल तर डिझेलच यायची.

त्या वेळचं गणितही तसंच होतं. पेट्रोलचे दर सरकारनं जून २०१० मध्ये खुले केले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले. २०१२ च्या उन्हाळ्यात दोन्हींत लिटरमागं तीसेक रुपयांचा फरक पडला होता. वर डिझेलचं ॲव्हरेज जास्त. डाळिंबाचा व्यापारी सकाळी जत, दुपारी आटपाडी, संध्याकाळी मंगळवेढा असा फिरायचा. त्यानं पेट्रोल कशाला घ्यावं?

मी हे काम शिकलो पंढरपुरात, एका उस्तादाच्या हाताखाली, आणि शिकलो ते फोर्ड आयकॉनवर. १९९९ च्या अखेरीस ही गाडी बाजारात आली. 'जोश मशीन' ही तिची जाहिरात त्या काळातल्या कुठल्याही माणसाला विचारा, आठवेल. आयकॉनला पेट्रोलमध्ये तेराशे आणि सोळाशे, आणि डिझेलमध्ये अठराशे सीसीचं इंजिन मिळायचं. सोळाशेचं रोकॅम इंजिन साधं होतं. बिडाचा ब्लॉक, एकच कॅमशाफ्ट, आठ व्हॉल्व्ह, आणि टायमिंगला बेल्ट नव्हे तर चेन. ताकद नव्वद हॉर्सपॉवरच्या थोडी वर. अठराशेच्या डिझेलला टर्बो नव्हता आणि हॉर्सपॉवर साठीच्या आसपास. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्या, तोच दरवाजा, तीच सीट. पण चावी फिरवून पहिल्या चौकापर्यंत नेली की दोन वेगळ्या गाड्या. इंजिन म्हणजे गाडीचा स्वभाव, हे मला तेव्हा कळलं, आणि तो स्वभाव कंपनीच्या कागदावर अर्धाच छापलेला असतो हेही.

नोव्हेंबर २००५ मध्ये फिएस्टा आली. आयकॉनसारखीच तीही चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरच्या कारखान्यातली. तिला तीन इंजिनं होती. १.४ पेट्रोल ८२ हॉर्सपॉवरचं, १.६ पेट्रोल १०१ हॉर्सपॉवरचं आणि १.४ टीडीसीआय डिझेल ६८ हॉर्सपॉवरचं. चौदाशेच्या पेट्रोलबद्दल फार लिहीत नाही. इंजिन चांगलं होतं, पण पळायला सोळाशेइतकं नाही आणि ॲव्हरेजला डिझेलइतकं नाही, त्यामुळं आमच्याकडं ते फारसं आलंच नाही. खरी तुलना सोळाशे पेट्रोल आणि चौदाशे डिझेलची.

हॉर्सपॉवरचे आकडे बघून लोक म्हणतात, डिझेल मेलेलं आहे. तसं नाही. ओढ, म्हणजे टॉर्क, बघितली तर डिझेलची १६० न्यूटन मीटर आणि ती मिळते मिनिटाला २००० फेऱ्यांवर. पेट्रोलची १४६, आणि ती यायला इंजिन ३४०० पर्यंत चढवावं लागतं. म्हणजे ओढीला डिझेल सरस. मग हॉर्सपॉवर कमी का? कारण हॉर्सपॉवर म्हणजे ओढ गुणिले फेरे. डिझेल चार हजारांवर संपतं, पेट्रोल साडेसहा हजारांपर्यंत फिरत राहतं. कमी ओढ, पण जास्त फेरे, म्हणून गुणाकार मोठा. हे एकदा डोक्यात बसलं की दोन्ही गाड्या कशा चालवायच्या ते आपोआप समजतं.

आमच्याकडं ह्याची परीक्षा उसाच्या हंगामात होते. महूदवरून अकलूजकडं जा, नाहीतर पंढरपूरकडं. पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं दिवा नाही. समोरून एसटी येऊन गेली की तेवढ्यात निघायचं. डिझेल फिएस्टा तिसऱ्या गिअरात दोन हजारांवर असेल तर पाय दाबल्याबरोबर गाडी पुढं झेपावते, काही करावं लागत नाही. पण तीच चौथ्यात पंधराशेवर असेल तर टर्बो जागा व्हायला वेळ घेतो. तो क्षण दीडच सेकंदाचा, पण ट्रॅक्टरच्या चाकाशेजारी तो फार लांब वाटतो. पेट्रोलमध्ये असा घोळ नाही. तिसरा नाहीतर सरळ दुसरा गिअर टाकायचा आणि दाबायचं. चार हजारांच्या पुढं इंजिनचा आवाज बदलतो, जरा खर्जातून वर येतो, आणि गाडी मागून कुणी ढकलल्यासारखी निघते. जेवढं मागाल तेवढं आणि मागाल तेव्हा, हे पेट्रोलचं. माझ्याकडं येणारे महूद भागातले एक तात्या आहेत, त्यांनी दोन्ही चालवून बघितल्या आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमची शर्यतीचा खोंड हाय, माझी मोटंचा बैल." ह्याच्यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही.

सोळाशेचं सुख वेगात आहे असं कुणाला वाटेल. तसं अजिबात नाही. नागपूर-रत्नागिरी महामार्ग चारपदरी झाल्यापासून सकाळी जुनोनीपर्यंत गाडी टेस्टला नेतो तेव्हा वेगाची मर्यादा मी पाळतोच. सुख असतं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात, चाळीसवरून ऐंशीवर जाताना, आणि वळणावर. ह्या जुन्या फिएस्टाचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. रस्ता कसा आहे, खडी आहे की ओल आहे, ते तळहाताला कळतं. आत्ताच्या बहुतेक गाड्यांचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग हलकं असतं, शहरात बरं पडतं, पण तळहाताला एवढं सांगत नाही. जुन्या स्टिअरिंगचं हे सुख डिझेल फिएस्टालाही आहे. बाकी काही असो, चालवण्याच्या बाबतीत दोन्ही बहिणी गुणी.

आता वयाबद्दल. नवी गाडी घेणाऱ्याला इंजिनचं म्हातारपण बघावं लागत नाही. जुनी घेणाऱ्याला तेच बघायचं असतं.

तात्यांचंच घ्या. त्यांची डिझेल २०१० ची. डाळिंबाच्या भरात गाडीला दम नव्हता, इंजिन कायम गरम. गाडीनं कधी तक्रार केली नाही. मग २०२० च्या ऑक्टोबरात अतोनात पाऊस झाला. बागांत पाणी उभं राहिलं, तेल्या रोग पसरला, मर रोग आला, आणि त्याच्यामागून खोडात पिनहोल बोरर किडीची भोकं दिसायला लागली. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे आमच्याच सांगोला स्टेशनातून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली, त्याच सुमाराला इथले कितीतरी शेतकरी जेसीबी लावून बागा उपटत होते. तात्यांचीही बाग गेली. गाडी राहिली. आता ती वस्तीवरून बाजाराला येते आणि परत जाते. मधले चार दिवस शेडमध्ये उभी.

डिझेल इंजिनला हे मानवत नाही. थोडं अंतर, अर्धवट गरम इंजिन, की काजळी साठते. ईजीआर व्हॉल्व्ह चिकटतो, पिकअप जातो. तात्यांची गाडी गेल्या वर्षी आली ती 'चफ चफ' असा आवाज करत. आवाज ऐकला आणि बॉनेट उघडायच्या आधीच मला अंदाज आला. इंजेक्टर हेडमध्ये बसतो त्याच्याखाली तांब्याचा एक छोटा वॉशर असतो, रुपयाच्या नाण्याहून लहान. तो वयानं मेला की सिलिंडरमधला दाब तिथून फुटतो आणि जळकं वर येऊन इंजेक्टरभोवती साठतं. कव्हर काढलं तर तिसऱ्या इंजेक्टरभोवती काळं डांबर जमलेलं, पान्हा लागायला जागा नाही. गंज सोडवायचं तेल टाकून गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी पितळी पट्टीनं ते डांबर हळूहळू खरवडलं, एक खपलाही हेडच्या आत पडू न देता. मग पुलर लावून इंजेक्टर उपसला. बसायची जागा कटरनं साफ केली, नवा वॉशर टाकला. वॉशरची किंमत सांगितली तर तात्या हसले. मजुरीची सांगितली तेव्हा गप्प झाले.

मग इंजेक्टरांची रिटर्न टेस्ट. मेडिकलमधून सलाइनच्या नळ्या आणतो, चारही इंजेक्टरांच्या परतीच्या तोंडांना लावतो आणि टोकं चार सारख्या बाटल्यांत सोडतो. इंजिन चालू ठेवायचं आणि बघत बसायचं. चारही बाटल्यांत डिझेल सारखं चढलं तर देवाला नमस्कार. एखादी बाटली भराभर भरायला लागली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. तात्यांच्या दोन बाटल्या अर्ध्याही झाल्या नव्हत्या तेव्हा तिसरी गळ्यापर्यंत आली. ह्यात कंपनीचा दोष मी काढणार नाही. इतकी वर्षं झाली, लाखभर किलोमीटर कधीच ओलांडलेत, कॉमन रेलचा दाब हजार बारच्या वरचा. लोखंडही झिजतं.

"विकू का ठिवू?" तात्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तात्या, एवढा खर्च केलाय तर ठेवा. पण आठवड्यातून एकदा गाडी मंगळवेढ्यापर्यंत काढा, इंजिन पुरतं गरम होऊ द्या, आणि तिसऱ्या गिअरात जरा मोकळी सोडा." तेव्हापासून ते गुरुवारी गाडी काढतात.

पेट्रोलला आजार नाहीत असं नाही. सोळाशेच्या ह्या इंजिनचा ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचं. उष्णता सहन करायची त्याची तयारी बिडाइतकी नाही. थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं आहे, वर्षांनी त्याला बारीक तडा जातो आणि कूलंट झिरपायला लागतं. आषाढीच्या गर्दीत पंढरपूरच्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरात तासभर सरकत असाल आणि कूलंट कमी असेल, तर हेड वाकायला वेळ लागत नाही. म्हणून माझ्या गाडीत मी ते घर, होज पाइप आणि रेडिएटरची टोपी तक्रार यायच्या आधीच बदलली. कॉइल म्हातारी होते, थ्रॉटल बॉडीत काजळी बसून इंजिन उभ्या जागी कमीजास्त होतं. हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, त्यामुळं जास्त पळालेल्या इंजिनची टकटक ऐकू येते. पण ह्यातलं बहुतेक काम झाडाखाली उभं राहून साध्या पान्ह्यांनी होतं. डिझेलला स्कॅनर, पुलर, कटर आणि इंजेक्टर दुरुस्तीला पाठवायला सोलापूर नाहीतर कोल्हापूर.

एका बाबतीत मात्र दोघंही सारखी. टायमिंग बेल्ट. आयकॉनच्या रोकॅमला चेन होती, स्विफ्ट डिझायरमध्ये आणि इतर कितीतरी गाड्यांत बसलेल्या १२४८ सीसीच्या फियाटच्या डिझेललाही चेन आहे, म्हणून लोक समजतात सगळ्यांनाच चेन असते. फिएस्टाच्या दोन्ही इंजिनांना बेल्ट आहे आणि तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. गाडी किती पळाली एवढं बघून चालत नाही. उभ्या गाडीचं रबरही म्हातारं होतं. बेल्ट बदलताना टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलावा, कारण परत तिथवर पोचायची मजुरी नव्यानं द्यावी लागते.

पैशाचा हिशोब मी गिऱ्हाइकाला पाटीवर मांडून दाखवतो. माझं सोळाशे रस्त्याला लिटरमागं तेरा-चौदा किलोमीटर देतं, डिझेल अठराच्या खाली येत नाही. पेट्रोल शंभरीच्या वर आणि डिझेल नव्वदीच्या आसपास धरलं तर पेट्रोलला किलोमीटरमागं साधारण आठ रुपये लागतात, डिझेलला पाच. फरक तीन रुपयांचा. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला अठरा हजार वाचले. इंजेक्टर आणि टर्बो एकदा निघाले की अशी दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात जाते. पण महिन्याला अडीच हजार किलोमीटर फिरणारा वर्षाला नव्वद हजार वाचवतो. त्यानं खुशाल डिझेल घ्यावं, इंजेक्टरचे पैसे काढूनही तो फायद्यात राहतो, आणि रोज गरम होणारं इंजिन त्याला त्रासही कमी देतं. बागा असताना आमचा तालुका ह्या दुसऱ्या हिशोबातला होता. आता बरीच घरं पहिल्या हिशोबात आली आहेत, पण गिऱ्हाइकाच्या तोंडचा प्रश्न तोच राहिला आहे.

पेट्रोलवाल्यापुढं सध्या एक नवी गोष्ट आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा, म्हणजे ज्या उसाच्या ट्रॅक्टरामागं मी अडकतो त्याच उसाचा अंश माझ्या टाकीत येतो. शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळत असतील तर माझी हरकत नाही. पण २००८ ची गाडी ह्या मिश्रणासाठी बनलेली नव्हती. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. ॲव्हरेज थोडं उतरतं ते सोडा, इंधनाचे पाइप आणि ओ-रिंगा तपासून बदलून घेणं महत्त्वाचं. मी घेतले. आणि टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची नाही.

पार्टांचं लोक फार विचारतात. ९ सप्टेंबर २०२१ ला फोर्डनं भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं तेव्हा दोन-तीन गिऱ्हाइकांनी गाड्या मिळेल त्या भावाला काढल्या. घाई झाली. आयकॉन, फिएस्टा, फिगो मिळून इतक्या गाड्या रस्त्यावर आहेत की फिल्टर, बेल्ट, क्लच, बुश, लिंक रॉड आजही मिळतात. अडतं ते बॉडीच्या पार्टांवर. बंपर, हेडलाइट, आरसा. ते शोधायला भंगारवाल्यांची ओळख लागते.

कागदांचं म्हणाल तर पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग नव्यानं करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून खासगी कारला त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या गाडीला दहा हजार. वर पर्यावरण कर. माझ्या गाडीचं पासिंग २०२३ मध्ये पाच वर्षांसाठी झालं. तपासणीच्या दिवशी धुराची नळी लावून बघणाऱ्यानं आकडा दोनदा वाचला होता, इतकं सोळाशे स्वच्छ जळत होतं. गेल्या महिन्यात एका तरुण डॉक्टरनं गाडी मागितली. दिली नाही.

जुनी स्पोर्टी सेडान घ्यायची असेल त्यांना माझं सांगणं असं. महिन्याला हजार किलोमीटरच्या आत फिरणार असाल तर डोळे झाकून सोळाशे पेट्रोल घ्या. रोजचा लांबचा फेरा असेल तर डिझेल घ्या, पण समोर उभं राहून रिटर्न टेस्ट करून घ्या आणि इंजेक्टरभोवती बोट फिरवून बघा, काळं लागलं तर भाव उतरवा. बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून हिशोब करा. आणि गाडी बघायला सकाळी लवकर जा, इंजिन थंड असताना. तुम्ही पोचायच्या आधीच मालकानं चालू करून ठेवली असेल तर त्या दिवशी सौदा करू नका.